‘शार्प’ आणि आपल्या पसंतीचा फॉन्ट: चित्रावर मराठी शीर्षक छापण्याचा अनुभव

चित्रावर मराठी शीर्षक आपोआप छापून हवं असेल आणि तेही आपण निवडलेल्या फॉन्टमध्ये, तर ‘शार्प’ वापरा, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मी एका मराठी ऑनलाइन नियतकालिकाचं तांत्रिक काम बघते. आमच्याकडे लेख चढवला की त्याच्या मुखचित्रावर लेखाचं नाव ठरलेल्या वळणाच्या अक्षरांत उमटतं. कुणी ती लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की वाचकाच्या नजरेला आधी पडतं ते हे चित्र, लेख नंतर. त्यामुळे त्या चित्रावरच्या रफाराची आणि वेलांटीची काळजी मला लेखातल्या शुद्धलेखनाइतकीच वाटते.

शार्प ही नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर, चालणारी मुक्तस्रोत लायब्ररी आहे. लव्हेल फुलर यांनी ती सुरू केली. फोटो लहान करणं, कापणं, एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणं यासाठी ती सगळीकडे वापरली जाते आणि त्याबद्दल मी नव्याने काही सांगण्याची गरज नाही. तिच्यात थेट मजकूर लिहिण्याची सोय २०२२ मध्ये आली, आणि हे परीक्षण तेवढ्याच भागाचं आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. अक्षरं चित्रात कायमची छापायची नसतील तर छापू नका. वेबपानावर चित्र आणि त्यावर सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेने) ठेवलेला मजकूर हीच चांगली पद्धत. तिथे वाचक अक्षरं मोठी करू शकतो, निवडून घेऊ शकतो, स्क्रीन रीडर ती वाचतो, शोधयंत्राला ती दिसतात. वेबसुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत १.४.५ क्रमांकाचा निकष याच कारणासाठी आहे: जमत असेल तिथे मजकुराचं चित्र करू नका, मजकूरच ठेवा. आमच्या पानावर आम्हीही तेच करतो. पण लिंक पाठवल्यावर दिसणारं चित्र, म्हणजे लिंकची झलक दाखवण्याच्या ‘ओपन ग्राफ’ पद्धतीतलं, साधारण १२०० गुणिले ६३० पिक्सेलचं, ते समोरच्या ॲपमध्ये निव्वळ चित्र म्हणून जातं. तिथे सीएसएस नाही, फॉन्ट नाही, काहीच नाही. तिथे अक्षरं चित्रातच हवीत. आणि मग प्रश्न येतो की ती छापणार कोण.

देवनागरी छापणं हे इंग्रजीसारखं एकामागे एक अक्षर ठेवून होत नाही. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते, पण दिसायला हवी व्यंजनाच्या आधी. ‘र’ आणि हलन्त मिळून रफार होतो, तो उडी मारून पुढच्या ‘म’वर बसायला हवा, आणि त्या ‘म’च्या आधी पुन्हा वेलांटी. ही सगळी हलवाहलव फॉन्टमधले ओपनटाइपचे नियम वाचून करावी लागते आणि ते करणारं एक वेगळं इंजिन असतं. हार्फबझ हे त्यातलं सगळ्यात भरवशाचं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळे त्याच्यावरच आहेत. शार्पच्या पोटात लिबव्हिप्स हे चित्रांवर काम करणारं इंजिन आहे, लिबव्हिप्स मजकुरासाठी ओळी मांडणारं पँगो वापरतं, आणि पँगो आकार जुळवण्याचं काम हार्फबझकडे सोपवतं. माझ्या दृष्टीने शार्पची निवड इथेच झाली. बाकीचे सगळे गुण नंतरचे.

कुठलंही साधन हातात आलं की मी त्याला एक ओळ देते:

वाऱ्याच्या स्पर्शाने ॲनिताच्या हृदयातल्या निर्मितीच्या मूर्तींना ऑक्टोबरात लख्ख उजाळा मिळाला.

ओळीला फारसा अर्थ नाही, पण तिच्यात बहुतेक खाचखळगे आहेत. ‘वाऱ्या’मधला अर्धा र, जो रफार होऊन डोक्यावर चढता कामा नये. ‘मूर्तींना’मध्ये एकाच ‘ती’वर रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार, या तिघांना एकमेकांच्या अंगावर न पडता बसवणं ही फॉन्टची खरी परीक्षा. ‘हृदय’मधला ‘हृ’. ‘लख्ख’मधला जोड. आणि ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन मिळतो. त्यात आणखी एक मेख अशी की काही लेखक ‘अ’ टंकून त्यावर वेगळा चंद्र देतात. कागदावर दोन्ही सारखंच, पण हार्फबझ अशा जोडीला चुकीची मानतं आणि मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ काढतं. साध्या लेखात हे नजरेतून निसटतं, चित्रावर हाताएवढ्या अक्षरांत आलं की सगळ्यांना दिसतं. म्हणून शीर्षक शार्पकडे देण्याआधी अशी जोडी शोधून तिच्या जागी एकसंध ‘ॲ’ घालणारी छोटी पायरी मी ठेवली आहे. हा दोष शार्पचा नाही, पण ही पायरी नसेल तर नाव शार्पचंच खराब होईल.

ही ओळ शार्पने मुक्ता फॉन्टमध्ये जशी हवी तशी छापली. हे सहज घडणारं आहे असं समजू नका. पायथनवाल्यांच्या पिलो या चित्र-लायब्ररीमध्ये साधी मांडणी निवडली तर जोडाक्षरं बनतच नाहीत, हलन्ताचे पाय लोंबत राहतात. तिथे रॅक्म नावाची जोड लागते आणि ती आपल्या मशीनवर आहे का हे पिलोलाच विचारून घ्यावं लागतं. रॅक्म असेल तर पिलोही उत्तम, अगदी मजकुराची भाषा मराठी आहे हेही तिला सांगता येतं. सटोरी हे लोकप्रिय साधन एचटीएमएल देऊन चित्र काढण्यासाठी फार सोयीचं आहे, पण लिगेचर (अक्षरं जोडून बनणारे आकार) आणि ओपनटाइपची इतर वैशिष्ट्यं नाहीत असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. देवनागरीचा कारभारच त्या वैशिष्ट्यांवर चालतो, तेव्हा ते आपल्या कामाचं नाही.

आणि वेबपत्त्यात मजकूर लिहिला की चित्र बनवून देणाऱ्या सेवा? त्यातली एक आम्ही काही काळ वापरली, नाव घेत नाही. फॉन्ट चढवता येत होता, दिसायला सगळं झकास. पण मराठी शीर्षक पत्त्यात घातलं की देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट आणि टक्क्यांच्या सांकेतिक रूपात नऊ अक्षरं खातं. चाळीस चिन्हांचं शीर्षक तीनशे साठ अक्षरांचा पत्ता बनतं. त्यात स्वल्पविराम आला की तो सेवेच्या स्वतःच्या खुणांशी भांडतो. आमची शीर्षकं लांब असतात आणि स्वल्पविराम संपादकांना प्रिय आहेत.

आता शार्पमध्ये आपला फॉन्ट कसा द्यायचा ते. दोन गोष्टी द्याव्या लागतात: फॉन्टच्या फाइलचा पूर्ण मार्ग आणि फॉन्टचं नाव. हे दुसरं नीट समजून घ्या. नाव म्हणजे फाइलचं नाव नव्हे, फॉन्टच्या आत नोंदलेलं कुटुंबाचं नाव. ‘तिरो देवनागरी मराठी’ची फाइल जोडून लिहिलेल्या नावाची आणि शेवटी ‘रेग्युलर’ लावलेली असते, पण आतलं नाव सुटं, जागा सोडून लिहिलेलं. फाइल बरोबर आणि नाव चुकीचं असलं तर शार्प तक्रार करत नाही. मशीनवरचे फॉन्ट शोधून देणारं फॉन्टकॉन्फिग आपल्या मनाने जवळचा वाटेल तो फॉन्ट उचलतं आणि चित्र हसतमुखाने तयार होतं. मला हे आवडत नाही. मागितलेला फॉन्ट सापडला नाही तर काम थांबवण्याची सोय हवी होती. ती नाही म्हणून आमच्या चाचणीत एक ठरावीक शब्द छापून त्याची रुंदी आधी जपून ठेवलेल्या रुंदीशी ताडून बघते. फॉन्ट बदलला की रुंदी बदलतेच.

सर्व्हरवर दुसरी अडचण. तुमच्या लॅपटॉपवर डझनभर देवनागरी फॉन्ट आधीच असतात. सर्व्हरलेस वातावरणात, म्हणजे मागणीपुरत्या चालणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरवर, बऱ्याचदा एकही नसतो, फॉन्टकॉन्फिगची मांडणीची फाइलही नसते. मग लॅपटॉपवर सुंदर दिसलेलं चित्र तिथे चौकोनांची रांग होऊन येतं. शार्पच्या कागदपत्रांत याचा उपाय दिला आहे: मांडणीची फाइल आणि फॉन्ट आपल्याच प्रकल्पात ठेवायचे आणि फॉन्टकॉन्फिगला त्यांचा मार्ग पर्यावरण-चलातून (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) सांगायचा. एकदा केलं की विषय मिटतो. मी तर लॅपटॉपवरही हीच मांडणी वापरते, म्हणजे दोन्हीकडे एकच फॉन्ट दिसतात आणि मशीनवरचा एखादा फॉन्ट गुपचूप मदतीला येत नाही.

अक्षरांचा आकार ठरवताना डीपीआय (इंचामागे ठिपके) ७२ ठेवलं, जे आपोआप असतंच, तर पॉइंट आणि पिक्सेल एकच होतात, डोकेदुखी कमी. रुंदी दिली की ओळी आपोआप मोडतात. रुंदी आणि उंची दोन्ही दिल्या तर डीपीआय बाजूला ठेवून मजकूर त्या चौकटीत बसेल इतका मोठा करून मिळतो. हे ऐकायला छान वाटतं, पण मी वापरत नाही. छोटं शीर्षक अजस्र होतं, लांब शीर्षक मुंगीएवढं, आणि दहा चित्रं शेजारी लावली की एका घरातली वाटत नाहीत. त्यापेक्षा दोन-तीन ठरलेले आकार ठेवावेत आणि शीर्षकाच्या लांबीवरून त्यातला निवडावा. ओळींमधलं अंतरही आपण द्यावं. फॉन्टचं स्वतःचं अंतर काही वेळा इतकं मोकळं असतं की दोन ओळी दोन वेगळी वाक्यं वाटतात. कमी केलं तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकतो. देवनागरीला खाली-वर दोन्हीकडे जागा लागते, हे इंग्रजी नमुन्यांवरून आकडे उचलताना लोक विसरतात.

मजकूर पँगोच्या खुणांसकट वाचला जातो हे लक्षात ठेवा. म्हणजे एखादा शब्द वेगळ्या रंगात किंवा जाड करता येतो, पण शीर्षकात ‘अँड’चं चिन्ह किंवा कोनी कंस आला तर तो सुटा करून द्यावा लागतो, नाहीतर काम तिथेच अडतं. रंग हवे असतील तर ‘आरजीबीए’चा पर्याय चालू करायचा, तो नसेल तर अक्षरांचा एकरंगी मुखवटा मिळतो. हा मुखवटाही कामाचा आहे. शार्पमध्ये अक्षरांच्या सावलीसाठी वेगळी सोय नाही, पण मुखवटा धूसर करून गडद रंगात खाली ठेवला आणि त्यावर मूळ अक्षरं ठेवली की मऊ सावली तयार. उजळ आभाळाच्या फोटोवर पांढरी अक्षरं ठेवायची असतील तर एवढी सावलीही पुरत नाही. तिथे चित्राच्या खालच्या अर्ध्या भागावर पारदर्शकाकडून काळ्याकडे जाणारा पट्टा टाकते. मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ इतका फरक असावा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालेल, हा डब्ल्यूसीएजीचा आकडा मी इथेही पाळते, कारण हे चित्र बहुतेकदा उन्हात उभं राहून मोबाइलवर पाहिलं जाणार असतं.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला ती. शार्प मजकुराचं जे चित्र देते ते शाईपुरतंच कापलेलं असतं. ‘घर’ हा शब्द छापला तर चौकटीची वरची कड म्हणजे शिरोरेषा. ‘मूर्ती’ छापला तर वरची कड म्हणजे वेलांटी आणि रफार, आणि शिरोरेषा बरीच खाली. दोन्ही चौकटी मुखचित्रावर वरून सारख्याच अंतरावर ठेवल्या तर शिरोरेषा वेगवेगळ्या उंचीवर येतात. खालून मोजलं तर उकार तोच घोळ घालतात. एक चित्र सुटं बघाल तर कळणारही नाही. पण लेखांची यादी उघडली की शेजारशेजारच्या चित्रांतली शीर्षकं वरखाली झालेली दिसतात, आणि मराठी डोळा शिरोरेषेवरच चालतो, त्यामुळे ते लगेच खुपतं. रोमन लिपीत मोठ्या अक्षरांतल्या शीर्षकांना हा त्रास जवळजवळ नाही, म्हणून की काय, इंग्रजी मार्गदर्शनात याचा उल्लेख मला कुठे दिसला नाही.

याचा उपाय शार्पमध्येच आहे, पण दुसऱ्या दाराने. मजकूर थेट न देता एसव्हीजी, म्हणजे आकारांचं वर्णन लिहून ठेवणारं चित्रस्वरूप, म्हणून द्यायचा. एसव्हीजीत मजकुराची जागा आधाररेषेवरून (अक्षरं जिच्यावर उभी असतात त्या अदृश्य रेषेवरून) ठरते. वर रफार असो की खाली उकार, आधाररेषा हलत नाही, म्हणजे शिरोरेषाही हलत नाही. शार्प एसव्हीजी रंगवायला लिबआरएसव्हीजी वापरते आणि तिथेही मजकूर पँगोकडेच जातो, त्यामुळे जोडाक्षरं तितकीच शुद्ध येतात. किंमत अशी की एसव्हीजीत ओळी आपोआप मोडत नाहीत, त्या आपण मोडून द्यायच्या. शिवाय लिबआरएसव्हीजी सीएसएसमधली फॉन्ट-फेसची, म्हणजे फॉन्टची फाइल कुठे आहे हे सांगणारी, घोषणा वाचत नाही. फॉन्ट फॉन्टकॉन्फिगलाच माहीत असावा लागतो. वर सांगितलेली मांडणी केली असेल तर हे आपोआप निभतं.

मला ओळी आपण मोडाव्या लागणं हे ओझं वाटत नाही, उलट बरं वाटतं. पँगो शब्द मावेल तिथपर्यंत भरतं आणि उरलेला एकटा शब्द खालच्या ओळीत टाकतं. ‘एका विस्मृतीत गेलेल्या चित्रकाराची’ एवढी भरगच्च ओळ आणि खाली नुसतं ‘गोष्ट’. ब्राउझरमध्ये ओळी समतोल करण्याची सीएसएस सोय २०२३ पासून क्रोममध्ये आली, इथे तसं काही नाही. आम्ही संपादकांना शीर्षकात हवं तिथे उभी रेघ टाकायला सांगतो आणि तिथे ओळ मोडतो. शीर्षक कुठे थांबायचं हे संपादकालाच चांगलं कळतं.

एसव्हीजीत अक्षरांना कडा देता येते. देवनागरीत ती देताना एक पथ्य आहे. प्रत्येक अक्षराची आकृती वेगळी असते आणि शिरोरेषा त्या आकृत्या एकमेकींना टेकून बनते. कड भरणीच्या वर आली तर प्रत्येक सांध्यावर एक बारीक उभी रेघ दिसते आणि शिरोरेषा तुकड्यातुकड्यांची होते. रंगवण्याचा क्रम बदलून कड आधी आणि भरणी नंतर असं सांगितलं की त्या रेघा झाकल्या जातात. लिबआरएसव्हीजीला हा क्रम समजतो.

मराठी ‘ल’ आणि ‘श’बद्दल लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदी वळणाचा उभ्या दंडाचा; ‘श’चंही डोकं वेगळं. युनिकोडमध्ये दोघांना एकच क्रमांक आहे, त्यामुळे कुठलं वळण दिसेल ते फॉन्टवर ठरतं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकृत्या असतात आणि मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी आकृती पुढे येते. वेबपानावर हे काम भाषेची खूण करते. शार्पमध्येही ती सांगता येते: थेट मजकुरात पँगोच्या स्पॅन या खुणेला भाषा मराठी म्हणून द्यायची, एसव्हीजीत मजकुराच्या घटकाला. एवढी एक खूण दिली की ‘शाळा’, ‘लिपी’, ‘कला’ हे शब्द आपल्या ओळखीचे दिसू लागतात. चित्र बनवणाऱ्या किती साधनांत भाषा सांगायला जागाच नसते! त्यांच्यासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ हा एक मार्ग आहे. त्यात मराठी वळण हेच मूळ वळण आहे, कुणाला काही सांगावं लागत नाही. फिओना रॉस आणि जॉन हडसन यांच्या कामातून आलेल्या तिरो देवनागरी घराण्यात हिंदी, संस्कृत आणि मराठीसाठी वेगवेगळे फॉन्ट आहेत, ही गोष्टच मला फार मोलाची वाटते.

पण तिरो चित्रावर घेताना जपून. त्याला जाड वजन नाही, फक्त साधं आणि तिरपं. त्यातले बारीक भाग फोटोच्या गर्दीत विरून जातात. सपाट रंगाच्या पट्टीवर, मोठ्या आकारात, कविता किंवा उद्धृतासाठी तो देखणा आहे. फोटोवरच्या शीर्षकाला आम्ही ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घेतो. २०० ते ८०० अशी सात वजनं, सारख्या जाडीची रेघ, मोकळी पोटं. लहान पडद्यावर चित्र आक्रसलं तरी ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखू येतात. मुलांच्या विभागासाठी त्यांचाच बलू २. नोटो सान्स देवनागरी मी राखीव म्हणून ठेवते: एखादं चिन्ह मुख्य फॉन्टमध्ये नसेल तर फॉन्टकॉन्फिगने त्याच्याकडे वळावं.

हे सगळे फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणून सर्व्हरवर ठेवून त्यातून चित्रं काढायला हरकत नाही. विकत घेतलेल्या फॉन्टचं तसं नसतं. डेस्कटॉपचा परवाना आणि सर्व्हरवर आपोआप चित्रं बनवण्याचा परवाना या अनेक फॉन्ट कंपन्यांकडे दोन वेगळ्या गोष्टी असतात, वेबफॉन्टचा तिसरा. घेण्याआधी विचारा. फॉन्ट घडवणं किती कष्टाचं आहे हे देवनागरीच्या जोडाक्षरांची यादी एकदा पाहिली तरी कळतं, त्यांचे पैसे बुडवू नयेत.

फाइल लहान करायला फॉन्टची छाटणी करत असाल, म्हणजे नको ती अक्षरं त्यातून काढत असाल, तर सर्व्हरवर तिची गरजच नाही. वेबपानासाठी करत असाल तर ०९०० ते ०९७एफ या युनिकोडमधल्या देवनागरीच्या टप्प्यावर थांबू नका. शून्य रुंदीचा जोडक आणि विभाजक ही दोन अदृश्य चिन्हं सोबत घ्या. काही कळफलक ‘वाऱ्या’मधला अर्धा र ‘र’, हलन्त आणि जोडक वापरून लिहितात. जोडक छाटला तर तो आकार बिघडण्याचा धोका आहे.

शेवटची पायरी साठवण्याची, आणि इथे बरेच जण कमावलेलं घालवतात. जेपेगमध्ये शार्प आपोआप ४:२:० निवडते, म्हणजे रंगाची माहिती निम्म्या बारकाईने ठेवली जाते. फोटोला ते चालतं. लाल पार्श्वभूमीवरच्या पिवळ्या अक्षरांच्या कडा मात्र गढूळ होतात आणि अनुस्वाराचा ठिपका आजूबाजूच्या रंगात मिसळतो. ४:४:४ सांगितलं की कडा स्वच्छ येतात, फाइल थोडी वाढते. वेबपीच्या नेहमीच्या, म्हणजे तपशील गाळणाऱ्या प्रकारात ४:४:४ चा मार्गच नाही, म्हणून रंगीत शीर्षकाची चित्रं मी त्यात देत नाही. पांढऱ्या किंवा काळ्या अक्षरांना याचा त्रास खूप कमी.

वेगाबद्दल थोडक्यात. लपलेला क्रोम उघडून पानाचा फोटो काढण्याच्या पद्धतीपेक्षा हे कितीतरी हलकं आहे. तरी ज्यांना सीएसएसची सगळी मांडणी चित्रावर हवी आहे, दोन स्तंभ, गोल कडा, समतोल ओळी, त्यांनी क्रोमच घ्यावा. तिथेही हार्फबझ असल्याने मराठी शुद्धच येईल, फक्त पानातले फॉन्ट चढेपर्यंत थांबा आणि मग फोटो काढा. ब्राउझरमध्ये चित्र रंगवण्याच्या कॅनव्हासलाही हेच लागू: फॉन्ट चढण्याआधी अक्षरं रंगवली तर ती दुसऱ्याच फॉन्टमध्ये उमटतात आणि नंतर आपोआप बदलत नाहीत.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी मुक्ताची एका वजनाची फाइल घ्यावी, एसव्हीजीचा मार्ग धरावा, भाषा मराठी सांगावी आणि जेपेग ४:४:४ ठेवावं. चित्रासोबत पर्यायी मजकुरात तेच शीर्षक लिहायला विसरू नका, ओपन ग्राफमध्येही त्यासाठी वेगळी जागा आहे. आणि शीर्षक बदललं की चित्राच्या फाइलचं नावही बदललं जाईल अशी व्यवस्था करा. फेसबुकसारखी ठिकाणं एकदा उचललेलं चित्र बराच काळ धरून ठेवतात. शीर्षकातली चूक तुम्ही लगेच दुरुस्त केली तरी जुनं नाव असेल तर जुनीच अक्षरं फिरत राहतील. आम्ही शीर्षकाच्या मजकुरावरून काढलेला छोटा संकेतांक फाइलच्या नावात घालतो.